जुनी डिंगी खरंच स्लो होते का?

रेसिंग डिंगी, म्हणजे खाली जड कील (तळाचं वजनदार पातं) नसलेली छोटी शिडाची बोट, घ्यायला निघालं की पहिला प्रश्न हाच येतो, वीस-पंचवीस वर्षं जुनी बोट स्वस्तात मिळतेय, ती घेऊन पुढच्यांच्या बरोबरीने पळता येईल का, की कायम शेवटून दुसरं यायची तयारी ठेवायची? सांगणारे दोन प्रकारचे भेटतात. एक म्हणतो, बोट बदल, हल (बोटीचं खालचं मुख्य अंग) मऊ पडलाय. दुसरा म्हणतो, बोटीचं काही नसतं रे, चालवणारा बघ. दोघंही आपापल्या जागी थोडेफार बरोबर असतात, फक्त दोघं वेगवेगळ्या बोटींबद्दल बोलत असतात आणि ते त्यांच्या लक्षात येत नाही. माझ्या मते बोटीचं वय हा आकडाच फारसा कामाचा नाही. ती कुठल्या क्लासची आहे, कशाची बनवलीय आणि आधीच्या मालकाने कशी ठेवली होती, एवढं कळलं की वर्ष विचारलं नाही तरी चालतं.

आधी क्लास, कारण निम्मं उत्तर तिथेच मिळतं. रेसिंगमध्ये या बोटी क्लासमध्ये वाटलेल्या असतात, प्रत्येक क्लासचे बोट कशी असावी याचे नियम ठरलेले. एका टोकाला वन-डिझाइन, म्हणजे सगळ्यांना सारखीच बोट, आकाराला हात लावायचा नाही. लेझर हे त्याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण, २०१९ पासून तिला आयएलसीए म्हणतात. ब्रूस कर्बीने १९६९ मध्ये तिचं पहिलं स्केच काढलं, १९७१ मध्ये ती बाजारात आली आणि १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे. हलचा आकार तेव्हा होता तोच आजही आहे, त्यामुळे १९८५ ची लेझर आणि काल कारखान्यातून निघालेली आयएलसीए पाण्यात एकाच आकाराच्या, कागदावर तरी एकाच स्पीडच्या.

दुसऱ्या टोकाला डेव्हलपमेंट क्लास. तिथे नियम फक्त चौकट देतात, लांबी इतकी, शीड इतकं, बाकी तुमचं डोकं चालवा. इथे जुनी बोट खरोखर मरते, आणि कधीकधी एका सीझनमध्ये मरते. १९२८ मध्ये उफा फॉक्सने इंटरनॅशनल १४ क्लाससाठी ॲव्हेंजर नावाची बोट बांधली, तिचा तळ असा होता की ती पाणी कापत बसण्याऐवजी पाण्यावर चढून घसरत जायची, ५७ रेसमध्ये ५२ वेळा पहिली आली. त्याच वर्षी शेजारी उभ्या असलेल्या बाकीच्या चांगल्याभल्या बोटींचं काय झालं असेल ते सांगायला नकोच. मॉथ क्लासमध्ये तर याहून मोठा धक्का बसला, पाण्याखाली पंख लावून अख्खी बोट हवेत उचलायची आयडिया आली आणि २००५ मध्ये रोहन वीलने तशी बोट घेऊन वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली, त्यानंतर पाण्याला चिकटून चालणारी मॉथ कितीही चकचकीत ठेवली तरी पुढच्या रांगेत बसायचा प्रश्नच उरला नाही. अशा क्लासमध्ये जुनी बोट घेताना रेस जिंकायचं मनात आणूच नये, मजेसाठी घ्या. मर्लिन रॉकेटसारख्या काही क्लासमध्ये जुन्या बोटींच्या वेगळ्या रेस असतात, तिथे ती मजा रेससकट मिळते.

गंमत मधल्या क्लासमध्ये आहे. फाइव्ह-ओ-फाइव्ह घ्या, जॉन वेस्टेलचं १९५० च्या दशकातलं डिझाइन, लांबी ५.०५ मीटर म्हणून नाव तसं. हलचा आकार आणि शिडाचा आराखडा ठरलेला, कमीत कमी वजन १२७.४ किलो ठरलेलं, पण सुकाणू, सेंटरबोर्ड (तळाच्या खाचेतून खाली पाण्यात सोडायची फळी), दोऱ्यांची मांडणी यात बरीच मोकळीक. म्हणजे जुना हल घ्यायचा, वर सगळं नवं बसवायचं, आणि तुमची बोट जवळपास आजच्या काळातली. फिनचंही काहीसं असंच, रिकार्ड सार्बीने १९४९ मध्ये काढलेली बोट, १९५२ ते २०२० च्या ऑलिंपिकपर्यंत टिकली, लाकडी डोलकाठी जाऊन ॲल्युमिनियमची आली, मग कार्बनची आली, क्लास तोच राहिला. फोर्टी-नाइनर क्लासने २००९ मध्ये सगळी डोलकाठी आणि शिडंच बदलून टाकली. क्लास स्वतःच असा बदल करतो तेव्हा जुन्या हलवाल्याला एकदाच मोठा खर्च पडतो, पण निदान बोट फेकावी लागत नाही.

आता आकार सारखा असला तरी जुनी बोट स्लो होऊ शकते का? होऊ शकते, आणि दोन गोष्टींनी होते, मऊपणा आणि वजन. बाकी ओरखडे, फिका पडलेला रंग, हे डोळ्याला लागतं तेवढं स्पीडला लागत नाही, बारीक पॉलिश पेपरने घासून तळ गुळगुळीत केला की ते प्रकरण संपलं.

मऊपणा नीट समजून घ्यायला हवा कारण सगळेजण हा शब्द वापरतात आणि फार कमी लोक सांगतात की त्याने नेमकं होतं काय. जुन्या फायबरग्लासच्या बोटी पॉलिएस्टर रेझिनमध्ये, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या चिकट द्रवात, काचेचे धागे बसवून बनवलेल्या असतात, काहींच्या दोन थरांच्या मध्ये फोम असतो. वर्षानुवर्षं लाटांवर आपटून, ट्रेलरवर हादरे खाऊन, डेकवर, म्हणजे वरच्या पृष्ठभागावर, माणसं बसून रेझिनमध्ये बारीक भेगा पडतात आणि फोम थरापासून सुटायला लागतो. दिसत काहीच नाही, पण हल वाकायला लागतो. प्रत्येक लाटेला तळ थोडा आत जातो, बाहेर येतो, आणि त्या हलण्यात जी ताकद जाते ती पुढे जायला मिळत नाही, गादीवर उभं राहून उंच उडी मारायला गेलं तर जसं अर्धं बळ गादीच खाते तसं.

पण याहून मोठं नुकसान वर होतं, शिडात. दोन माणसांच्या बोटीत डोलकाठी तारांनी ताणून धरलेली असते, दोन बाजूंना श्राउड नावाच्या तारा आणि पुढे छोट्या शिडाची म्हणजे जिबची तार, आणि हा ताण दीडशे-दोनशे किलोच्या घरात सहज जातो. हा सगळा ताण हलच पेलतो. हल कडक असेल तर झुळूक आली की तार ताठ राहते. हल मऊ असेल तर झुळूक आली की हलच किंचित वाकतो, तार सैल पडते, जिबची पुढची कड बाकदार होऊन वारा जातो त्या बाजूला सरकते, शीड जास्त फुगतं, आणि बोट वाऱ्याच्या दिशेला जितकी जवळ चालायला हवी तितकी चालत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, याला बोट वाऱ्यावर धरता येत नाही. प्रत्यक्षात बिचारा बरोबर चालवत असतो. म्हणूनच एका शिडाच्या आणि विनातारांच्या बोटींना, उदाहरणार्थ लेझरला, मऊपणाचा फटका कमी बसतो, आणि फोर-सेव्हंटी किंवा फायरबॉलसारख्या ताणलेल्या बोटींना जास्त.

म्हणून बोट कशाची बनवलीय हे वयापेक्षा महत्त्वाचं. १९७० च्या दशकातली साधी पॉलिएस्टरची बोट लवकर मऊ पडू शकते. इपॉक्सी रेझिन, केव्हलार, कार्बन वापरून नीट बनवलेली बोट कित्येक वर्षं कडक राहते, फाइव्ह-ओ-फाइव्हमध्ये १९८० च्या दशकातले असे हल खूप काळ पुढच्या बोटींशी झुंजत राहिले आणि लोक त्यांची नावं आदराने घेतात. प्लायवुडच्या जुन्या बोटींना लोक उगाच हसतात, लाकूड कोरडं आणि जोड घट्ट असतील तर प्लायवुड चांगलं कडक असतं, त्याचा शत्रू पाणी. कोपऱ्यात, सेंटरबोर्डच्या खाचेच्या आत, तळाशी कुठेतरी ओल राहिली की कुजणं सुरू.

ओल म्हटलं की वजन आलंच. फोम असलेली बोट कुठेतरी बारीक भोक पडलं की पाणी पीत राहते, आणि ते पाणी सहजासहजी बाहेर येत नाही. लेझरचा हल साधारण ५९ किलोचा, त्यात पाच किलो पाणी बसलं आणि चालवणारा ८० किलोचा धरला तर हल आणि माणूस मिळून जवळपास साडेतीन टक्के जादा ओझं. वाऱ्याविरुद्ध मध्यम हवेत हे फार जाणवत नाही. पण ज्या क्षणी बोट पाण्यावर चढायची असते, म्हणजे प्लेनिंग सुरू व्हायचं असतं, तेव्हा जाणवतं. प्लेनिंग नसताना बोटीचा वेग तिच्याच लाटेत अडकतो, लेझरच्या लांबीला ही मर्यादा पावणेपाच नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आसपास येते, आणि त्या मर्यादेच्या वर चढायला जी झुळूक हलक्या बोटीला पुरते ती जड बोटीला पुरत नाही. बाजूची बोट चढते आणि सुटते, तुम्ही खालीच. हा फरक टक्क्यांत मोजता येत नाही, तो एकदम बोटींच्या लांबीत मोजावा लागतो.

आणखी एक, वजन किती यासोबत ते कुठे आहे हेही बघतात. बोटीच्या दोन्ही टोकांना वजन असेल तर ती लाटांवर जास्त डोलते आणि प्रत्येक डोलण्यात वेग जातो. फिन क्लासमध्ये यासाठी लॅम्बोली टेस्ट आहे, बोट टांगून हेलकावे देतात आणि हेलकाव्याचा वेळ मोजून वजन कसं पसरलंय ते काढतात, म्हणजे कुणी मधे जड आणि टोकांना पोकळ अशी फसवी बोट बांधू नये. जुन्या दुरुस्त्यांचा इथे त्रास होतो. पुढचं टोक धक्क्याला आपटून फुटलं की लोक प्रेमाने थरावर थर लावत जातात, बोट मजबूत होते आणि नाक जड होतं.

किमान वजनाचा नियम असलेल्या बऱ्याच क्लासमध्ये बोट नवीन असताना हलकी भरली तर शिशाचे तुकडे स्क्रूने बसवून वजन पूर्ण करतात, त्यांना करेक्टर म्हणतात. बोट जुनी होत जड होत गेली की पुन्हा मोजणी करून हे तुकडे कमी करून घेता येतात. त्यामुळे जुनी बोट बघताना आत करेक्टर अजून शिल्लक आहेत का हे बघा, वीस वर्षांनंतरही वजन बरोबर आणि करेक्टर जागेवर, म्हणजे त्या बोटीने पाणी प्यायलेलं नाही. जाहिरातीतल्या दहा फोटोंपेक्षा हे दोन तुकडे जास्त सांगतात.

बघायला गेलात की काय करायचं? बोट उलटी करून तळावर, विशेषतः डोलकाठीच्या खालचा भाग आणि पुढचा भाग, तळहाताने दाबत जायचं. एक जागा दबली आणि बाजूची दबली नाही, किंवा दाबताना बारीक कुरकुर ऐकू आली, तर आत थर सुटलाय. सुलटी करून डेकवर गुडघा टेकायच्या जागा, कॉकपिटच्या, म्हणजे मधल्या खोलगट भागाच्या, कडेला जिथे लोक बसतात तो पट्टा, अंगठ्याने दाबा. मग नाण्याने ठक ठक करत जा, कडक जागेचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागेचा बद्द. लेझर असेल तर डोलकाठी जिथे रोवतात त्या भोकात काठोकाठ पाणी भरा, पातळीवर खूण करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाणी उतरलेलं असेल तर ते हलच्या आत गेलंय. वाळू आणि डोलकाठीच्या घासण्याने त्या भोकाचा तळ झिजतो, आणि ही जागा गेली की एके दिवशी जोरदार वाऱ्यात डोलकाठी डेक फाडून आडवी होते, तेव्हा विकणारा कितीही भला माणूस असो, ही टेस्ट करून घ्याच. आणि बोट काट्यावर चढवा. हे शेवटचं जवळपास कुणी करत नाही, लाज वाटते बहुतेक.

ओली बोट वाळवता येते का, तर बऱ्याचदा येते. डेकमध्ये छोटं झाकणाचं भोक पाडतात, क्लासचा नियम तपासून, आत छोटा पंखा लावून काही आठवडे कोरडी हवा फिरवतात. बराच फरक पडतो. सुटलेला थर मात्र नुसत्या वाळवण्याने चिकटत नाही, तिथे रेझिन भरावं लागतं आणि ते काम जमणाऱ्यालाच द्यावं.

आता खरी गोष्ट, जिच्यामुळे निम्म्या जुन्या बोटी उगाच बदनाम होतात. माणूस नवी बोट घेतो तेव्हा हलसोबत नवं शीड, नव्या दोऱ्या, नव्या पुल्या, सरळ डोलकाठी, धारेला टवके नसलेलं सुकाणू, सगळंच नवं येतं. मग तो दोन जागा पुढे येतो आणि सांगत फिरतो की जुना हल गेलेला होता. हल गेलेला होता की शीड, कुणी तपासलं?

शीड सगळ्यात आधी मरतं. पॉलिएस्टर कापडावर रेझिनचा लेप असतो, फडफडून फडफडून तो तुटतो, मग कापड तिरकं ताणलं जातं आणि शिडाचं पोट मागे सरकतं. जिथे पोट पुढच्या भागात हवं तिथे ते मागच्या कडेकडे जातं, आणि बोट पुढे ढकलण्याऐवजी आडवी कलवायला लागते. बूमखाली (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) आडवं पडून वर शिडाचा फोटो काढा, त्याच वाऱ्यात शेजारच्या नव्या शिडाचा काढा, दोन्ही बाजूबाजूला ठेवा, वाद संपतो. लेझरच्या डोलकाठीचा जुना ॲल्युमिनियमचा वरचा तुकडाही जोराच्या वाऱ्यात दोर खेचून खेचून कायमचा वाकतो, काठी सपाट जमिनीवर लोळवून बघितली की लगेच कळतं.

मग सुकाणू आणि सेंटरबोर्ड. मागची कड टवका उडालेली, गोलसर झालेली असेल तर पाणी तिथे गोंधळतं, कधी चक्क गुणगुणल्यासारखा आवाज येतो. सुकाणूच्या बिजागरीत खेळ असेल तर हात हलवल्यावर बोट अर्ध्या क्षणाने ऐकते. सेंटरबोर्डच्या फटीवरची पट्टी फाटली असेल तर खाचेत पाणी उसळत राहतं. हे सगळं एका सुट्टीच्या दिवसात आणि थोड्या पैशात होतं, त्यामुळे माझा क्रम कायम हाच: आधी शीड, मग सुकाणू-सेंटरबोर्ड, मग दोऱ्या-पुल्या, आणि हलचा विचार शेवटी.

बरं, पण हल खरंच एक टक्का स्लो असला तर किती फरक पडतो? तासाभराच्या रेसमध्ये एक टक्का म्हणजे ३६ सेकंद. ऐकायला भरपूर वाटतं. आता दुसरीकडे बघा. दोन बोटी वाऱ्याविरुद्ध जाताना एकमेकींपासून आडव्या १०० मीटर अंतरावर आहेत आणि वारा १० अंशांनी फिरला, तर ज्या बाजूला फिरला त्या बाजूची बोट एका क्षणात सुमारे २५ मीटर पुढे जाते, लेझरच्या हिशोबात पाच-सहा बोटींच्या लांबीइतकी. एक टक्का स्लो हलला तेवढंच गमवायला अडीच किलोमीटर वाऱ्याविरुद्ध चालावं लागेल. साध्या क्लब रेसमध्ये, वीसेक बोटी असताना, वारा वाचणारा माणूस मऊ बोटीतून आरामात जिंकू शकतो, आणि जिंकतोही.

पण हाच हिशोब मोठ्या फ्लीटमध्ये तुटतो, आणि बोटीचं काही नसतं म्हणणारे इथे गप्प बसतात. साठ-सत्तर बोटी एका रेषेवर सुटतात तेव्हा सुरुवातीची दोन मिनिटं सगळं ठरवतात. तुम्ही किंचित स्लो असाल तर खालची, म्हणजे वारा जातो त्या बाजूची, बोट हळूहळू पुढे सरकते, तिच्या शिडावरून येणारा बिघडलेला वारा तुमच्यावर पडतो, तुम्ही आणखी स्लो होता, शेवटी नाइलाजाने वळून नको त्या बाजूला जावं लागतं. एक टक्क्याचं नुकसान असं चढत चढत वीस जागांचं होतं. म्हणून वरच्या लेव्हलची मंडळी हल लवकर लवकर बदलतात, आणि त्यांच्यापुरतं ते बरोबरच आहे.

वेगवेगळ्या क्लासच्या बोटी एकत्र पळतात तेव्हा वेगळाच प्रकार. ब्रिटनमध्ये आरवायए ही शिडाच्या बोटींची संस्था पोर्ट्समथ यार्डस्टिक नावाचे आकडे काढते, प्रत्येक क्लासला एक आकडा, तुमच्या वेळेला १००० ने गुणायचं आणि त्या आकड्याने भागायचं. समजा तुमच्या जुन्या क्लासचा आकडा ११००, शेजारच्या नव्या क्लासचा १०५०. तुम्हाला रेसला ६० मिनिटं लागली तर त्याला बरोबरी करायला ५७ मिनिटं १६ सेकंदांत यावं लागेल, म्हणजे पाण्यावर तो जवळपास पावणेतीन मिनिटं आधी पोचला तरी निकालात तुम्ही सारखे. त्यामुळे २०१४ मध्ये आलेली, फक्त ३० किलोच्या हलची आरएस एरो लेझरच्या पुढून सुसाट गेली म्हणून लेझरवाल्याने हळहळायचं कारण नाही. मात्र आकडा क्लासचा असतो, तुमच्या बोटीचा नाही, मऊ पडलेल्या हलला कुणी सूट देत नाही. आणि आकडा सगळ्या हवांचा मिळून असतो, जोराच्या वाऱ्यात हलकी नवी बोट आकड्याच्या पलीकडे निघून जाते, मंद हवेच्या दिवशी जुन्या, मोठ्या शिडाच्या बोटी शांतपणे हिशोब चुकता करतात.

नवा हल कधी घ्यायचा मग? शीड नवं आहे, सुकाणू नीट आहे, वजन तपासलंय, तरी वारा वाढला की दोघांच्या तारांच्या बोटीत जिबची तार सैल पडते आणि ताण वाढवला तरी काहीच बदलत नाही, तेव्हा. किंवा बोट सात-आठ किलोने जड आहे आणि वाळवूनही उतरत नाही, तेव्हा. तेव्हाही एकदम कोरी बोट घ्यायची गरज नसते. आयएलसीएच्या मोठ्या चॅम्पियनशिपला बाहेरून येणाऱ्यांसाठी भाड्याच्या नव्या बोटी आणतात, स्पर्धा संपली की त्या तिथेच कमी किमतीत विकतात, आठवडाभर वापरलेल्या. त्यांची बुकिंग बऱ्याचदा स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच संपते, म्हणून मनात असेल तर आधीच फोन करून ठेवा, आणि घेतल्यावर ती बोटही एकदा काट्यावर चढवा.